चूक कानाला खटकते, पण अडते कोणाचे?

प्रश्न

एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश येथे देत आहे.

पत्रलेखक पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरात राहतात आणि त्यांची सारी नोकरी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. घरी पत्नी, मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू आहे. सून मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमातून शिकली, पुढे अभियंता झाली आणि आता एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. नुकतीच तिच्याकडे एका नव्या टीमची जबाबदारीही आली आहे. आठवड्यातले काही दिवस ती घरूनच, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, परदेशी ग्राहकांशी बोलत असे. तिचे ‘झिरो’, ‘मेजर’, ‘डेव्हलप’ हे उच्चार सासऱ्यांच्या कानाला खटकत. एके दिवशी मीटिंग संपताच त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवलेली शब्दांची यादी तिच्यापुढे ठेवली आणि एकेक शब्द नीट उच्चारून दाखवला. ‘थँक्यू बाबा’ म्हणून तिने तो कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून ती खोलीचे दार लावून मीटिंग घेऊ लागली. त्याच आठवड्यात नातवाने विचारले, ‘आजोबा, आईला इंग्लिश येत नाही का?’ मुलाचे म्हणणे, बाबा, आता हे पुरे करा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सचिवांनी ‘नवे पार्किंगचे नियम ॲक्सेप्ट करावेत’ असे इंग्रजीत लिहिताना ‘ॲक्सेप्ट’च्या जागी ‘एक्सेप्ट’ लिहिले, तेही यांनी सर्वांसमक्ष दाखवून दिले, आणि तेव्हापासून सचिव जिन्यात भेटले तरी मान वळवतात. पत्राच्या शेवटी ते विचारतात, ‘कान सोनारानेच टोचावेत, असे म्हणतात. तिची प्रगती व्हावी एवढाच माझा हेतू होता. अशुद्ध ऐकले की मला अक्षरशः त्रास होतो. चुकीला चूक म्हणायचेच नाही, असे धोरण आता ठेवावे काय?’

उत्तर

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

आपल्या हेतूविषयी मला शंका नाही. ज्याला सुनेचे वाईट चिंतायचे असते तो तिच्यासाठी पाठकोऱ्या कागदावर शब्दांची यादी करत बसत नाही. अशुद्ध ऐकले की त्रास होतो, हेही मी शब्दशः खरे मानते, कारण ज्यांचा कान वर्षानुवर्षे एका वळणाला लागला आहे त्यांना वेगळा उच्चार ऐकू येणे टाळताच येत नाही. मात्र आपल्या शेवटच्या प्रश्नात काही गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत: आपण ऐकले ती चूकच होती, ती दाखवणे म्हणजे मदत करणे, आणि दाखवायची नसेल तर मूग गिळून गप्प बसणे एवढाच मार्ग उरतो. या तिन्हींकडे जरा थांबून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

आधी त्रासाबद्दल. सॅम्युएल रॉजर्स नावाचा एक इंग्रज कवी होता. तो १८५५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर वारला. त्याच्या तरुणपणी ‘बाल्कनी’ या शब्दाचा आघात, म्हणजे जोर, दुसऱ्या अवयवावर (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर), साधारण ‘बल्कोनी’ असा पडत असे. पुढे लोक पहिल्या अवयवावर जोर देऊन आजच्यासारखे ‘बाल्कनी’ म्हणू लागले, तेव्हा या गृहस्थांनी तक्रार केली की हा नवा उच्चार ऐकून आपल्याला मळमळते. आज आपण, आपली सून आणि इंग्लंडचा राजा असे सर्वच जण रॉजर्सला मळमळवणारा उच्चार करतो आणि तोच शुद्ध समजला जातो. रॉजर्सचा त्रास खोटा नव्हता, पण त्या त्रासावरून चूक कोणाची हे मात्र ठरत नव्हते. शब्दांवरून होणारी चिडचिड बहुधा अशीच असते. आपण जे लहानपणी ऐकले, ज्यासाठी शाळेत शाबासकी मिळवली आणि ज्याच्या जोरावर समाजात जागा मिळवली, ते कोणीतरी सहज ओलांडून जाताना दिसले की ती उसळते.

आता आपल्या यादीतले शब्दच पाहू. सूनबाई ‘झिरो’ म्हणतात आणि आपल्याला तेथे इंग्रजी वर्णमालेतल्या शेवटच्या अक्षराचा, घासून येणारा ध्वनी हवा आहे. तो ध्वनी त्यांना जमत नाही, असे आपण लिहिले आहे. तो किंवा त्याच्या अगदी शेजारचा ध्वनी त्या दिवसातून कितीदा तरी उच्चारत असतील, कारण ‘माझा’ म्हणताना, ‘जरा’ म्हणताना, ‘झाड’ म्हणताना मराठी माणसाची जीभ दातांच्या मागेच टेकते. परंतु तोच शब्द ‘माझी’ करून पाहा. जीभ आपोआप मागे सरकून टाळूला लागते. व्याकरणात आपण ज्यांना दंततालव्य आणि तालव्य म्हणतो ते हेच उच्चार, आणि मराठीत पुढे इ-ई किंवा ए आला की दंततालव्य उच्चार सहसा टिकत नाही. ‘झिरो’, ‘झिप’, ‘झेब्रा’ या तिन्ही शब्दांत नेमका पुढे इ किंवा ए आहे. म्हणजे ज्याला आपण निष्काळजीपणा समजलात तो मराठीचा नियम आहे आणि सूनबाई तो बिनचूक पाळत आहेत. ‘मेजर’चेही तसेच आहे. ‘माप’ या अर्थाच्या त्या इंग्रजी शब्दात जो मधला ध्वनी आहे तो मराठीत मुळीच नाही, तेव्हा जवळात जवळचा ध्वनी तेथे येऊन बसतो. ‘डेव्हलप’मध्ये तर ध्वनीचा प्रश्नच नाही, फक्त जोर पहिल्या अवयवावर पडतो, इंग्रज तो दुसऱ्यावर देतात. मराठीत आघात इकडून तिकडे गेला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान त्याची वेगळी नोंद ठेवायला शिकलेलाच नसतो.

याच जागी दुसरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. मराठी माध्यमातून शिकलेला माणूस इंग्रजी बहुधा डोळ्यांनी शिकतो. शब्द आधी पुस्तकात भेटतो आणि कानावर पुष्कळ उशिरा पडतो, कधी पडतही नाही. म्हणून त्याच्या चुका उच्चारात होतात. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे ते ती कानांनी शिकतात, म्हणून त्यांच्या चुका लिहिण्यात उतरतात. ‘कुड हॅव्ह’ घाईत ‘कुडव’ असे ऐकू येते म्हणून ‘कुड ऑफ’ असे लिहिणारे इंग्रज आणि अमेरिकन थोडेथोडके नाहीत, आणि सारखाच उच्चार असलेल्या ‘देअर’च्या निरनिराळ्या स्पेलिंगांत गल्लत करणारे तर त्याहून जास्त. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांकडून अशी गल्लत तुलनेने कमी होते, हे वर्षानुवर्षे वह्या तपासलेल्या आपल्याला मी सांगायला नको. उच्चाराच्या बाबतीतही मातृभाषा इंग्रजी असणे पुरेसे पडत नाही. आयसेनहॉवर आणि धाकटे बुश हे अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष ‘न्यूक्लिअर’ला ‘न्यूक्युलर’ म्हणत, आणि त्यावरून त्यांची थट्टा झाली तरी त्यांच्या हातातली अण्वस्त्रे काही कमी झाली नाहीत.

शुद्धतेचा जो पाया आपण पक्का समजतो तोही फारसा पक्का नाही. ‘डेट’, म्हणजे कर्ज, या शब्दात मुका ‘बी’ आहे. तो आला की नाही हे पाहून आपण किती मुलांचे अर्धे गुण कापले असतील! हा ‘बी’ मुळात नव्हताच. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा त्याचे स्पेलिंग उच्चाराबरहुकूम होते. पुढे लॅटिनचा अभिमान असलेल्या पंडितांनी त्याचे कूळ दाखवण्यासाठी मध्ये ‘बी’ घुसवला, जो त्यानंतरही कोणी उच्चारला नाही. ‘आयलंड’मधला मुका ‘एस’ तर निव्वळ गैरसमजातून आला, कारण त्या शब्दाचे कूळच वेगळे आहे. ‘आस्क’ऐवजी ‘आक्स’ म्हणणाऱ्याला आज अडाणी ठरवतात, परंतु दोन्ही रूपे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत शेजारी शेजारी नांदत होती आणि चौदाव्या शतकातल्या चॉसरने आपल्या काव्यात ‘आक्स’ वापरले आहे. ज्याला आज ‘बर्ड’ म्हणतात तो पक्षी तेव्हा ‘ब्रिड’ होता. अक्षरांची अशी अदलाबदल आपल्याला अनोळखी नाही, ‘नुकसान’चे ‘नुसकान’ आणि ‘मतलब’चा ‘मतबल’ आपल्या कानावरून रोज जातो. मराठीच्या शुद्धलेखनाचेही तेच आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये नियम ठरवून न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, तोपर्यंत ‘नांव’ आणि ‘कांहीं’ लिहिणे शुद्ध होते. आपल्या वडिलांच्या पत्रांत ते अनुस्वार असतील. आज ती पत्रे तपासायला दिली तर लाल शाईने भरून जातील.

सर, आता जे लिहिते आहे ते थोडे बोचेल. इंग्रजीवरून होणाऱ्या या त्रासाचे एक भावंड आपल्या मराठीतही आहे. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून पुण्या-मुंबईकडे शिकायला आलेल्या मुलामुलींनी ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘आणि’ला ‘आनि’ म्हटले की वर्गात कशी खसखस पिकते, हे आपण पाहिले असेल. ‘न’ आणि ‘ण’ यांतला फरक तेव्हा निव्वळ उच्चाराचा राहत नाही. त्यावरून गाव, जात, शाळा आणि घरची परिस्थिती यांचा अंदाज बांधला जातो आणि तो चेहऱ्यावरही दिसतो. आपल्या सूनबाईंनी हे अनुभवले आहे की नाही हे मला माहीत नाही, पण अनुभवले असल्यास तो कागद पुढे आल्यावर त्यांना काय वाटले असेल याचा अंदाज करता येतो. तेथे उच्चारांसाठी केवळ एक यादी आली नाही, तर लग्नानंतर ज्या घराला त्या आपले मानू लागल्या होत्या त्याच घरात पुन्हा कोणीतरी उभे करून हजेरी घेतली. आपल्या मनात असे काही नव्हते, हे मी मान्य करूनच बोलत आहे.

मग चुका नसतातच काय? असतात, आणि काही फार महाग पडतात. पण त्या ओळखण्याची खूण वेगळी आहे: ऐकणाऱ्याचे किंवा वाचणाऱ्याचे काही अडते काय? उच्चारात गफलत झाली तर माणसे मरतील अशी एक जागा म्हणजे विमानतळाचा नियंत्रण कक्ष. तेथे काय करतात ते पाहण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिकांसाठी इंग्रजी आकड्यांचे उच्चार ठरवून दिले आहेत, आणि त्यांत तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’ आणि नऊला ‘नायनर’ म्हणायचे असते. आपल्या वर्गात कोणी ‘थ्री’ला ‘ट्री’ म्हटले असते तर आपण त्याला तेथेच थांबवले असते. तेथे ते मुद्दाम, नियम म्हणून म्हणतात, कारण खरखरत्या रेडिओवर जगभरच्या जिभांना आणि कानांना ते अधिक सोपे पडते. त्याच संघटनेची वैमानिकांच्या इंग्रजीसाठी सहा पायऱ्यांची मोजपट्टी आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी पायरी लागते आणि त्या पायरीवर उच्चारांत मातृभाषेची छाप असलेली चालते, फक्त तिच्यामुळे समजण्यात कधीकधीच अडथळा यावा एवढी अट असते. शेकडो प्रवाशांचे विमान उतरवणाऱ्याला जी मुभा आहे ती जेवणाच्या टेबलावरून सॉफ्टवेअरविषयी बोलणाऱ्या सूनबाईंना मिळायला हरकत नसावी.

याउलट सचिवांच्या सूचनेतली चूक पाहा. ‘ॲक्सेप्ट’ म्हणजे स्वीकारणे आणि ‘एक्सेप्ट’ म्हणजे वगळणे, म्हणजे त्या एका स्पेलिंगने अर्थ उलटा झाला. अर्थात आपल्या सोसायटीतल्या एकाही माणसाने नियम वगळायचे आहेत असे समजून गाडी वाटेल तेथे लावली नसेल, हा भाग वेगळा. पण असल्या जोड्या लिहिताना खरोखर जपाव्या लागतात. कर्जाच्या अर्जात मुद्दल आणि तत्त्व या दोन अर्थांच्या ‘प्रिन्सिपल’ची अदलाबदल होते. हरवणे आणि सैल असणे यांच्या स्पेलिंगात एका ‘ओ’चा फरक आहे आणि तो शिकल्या-सवरल्यांच्याही हातून सुटतो. ‘पब्लिक’ या शब्दातले एक अक्षर गळले तर काय होते, हे आपल्याला ठाऊकच आहे, आणि संगणकाचा स्पेलिंग तपासनीस तेथे काही बोलत नाही, कारण उरलेला शब्दही शब्दकोशात असतो. बोलण्यातल्या काही गल्लतीही अशाच जपण्याजोग्या असतात. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांची गल्लत रकमेत किंवा औषधाच्या मात्रेत झाली तर ती हसण्यावारी नेता येत नाही. औषधांच्या नावांचे तर विचारूच नका. अमेरिकेत आम्लपित्तावरचे ‘लोसेक’ हे औषध लघवी वाढवणाऱ्या ‘लॅसिक्स’शी गल्लत होते म्हणून १९९० मध्ये ‘प्रायलोसेक’ या नव्या नावाने विकावे लागले. तेथे डॉक्टर, औषधविक्रेते आणि रुग्ण अशा सर्वांना शुद्ध बोलायला शिकवत बसण्यापेक्षा औषधाचेच नाव बदलणे सोयीचे ठरले.

मराठीमुळे होणाऱ्या गल्लतींपैकी मला सर्वांत मजेची वाटते ती आपल्या ‘ए’ची. इंग्रजीत चव आणि परीक्षा हे दोन निराळे उच्चार आहेत, मराठीत दोन्ही ‘टेस्ट’. लेखणी आणि वेदना दोन्ही ‘पेन’. वजन, थांबणे आणि ओले असणे या तिन्हींसाठी एकच ‘वेट’ पुरतो. आपली लिपी तो फरक दाखवत नाही आणि आपली जीभही करत नाही. पण संदर्भ इतका बळकट असतो की डॉक्टरांना पोटात ‘पेन’ आहे असे सांगितल्यावर कोणी एक्स-रेमध्ये शाईचे पेन शोधत नाही. ज्यांना परदेशी लोकांशी फोनवर, चेहरा न दिसता बोलावे लागते त्यांनी मात्र या जोड्या वेगळ्या करायचा सराव जरूर करावा.

आपली एक काळजी मला रास्त वाटते. उच्चारांवरून माणसाची किंमत करणारे लोक जगात आहेत, नोकरीच्या मुलाखतींत आहेत, ग्राहकांतही आहेत. त्यांचे वागणे अन्यायाचे असले तरी त्याची झळ सूनबाईंना बसू शकते, आणि ‘तू जशी बोलतेस तशी बोल, जग गेले खड्ड्यात’ असा सल्ला देणे सोपे असले तरी त्याची किंमत मला द्यावी लागत नाही. पण त्यांच्या प्रगतीत हे उच्चार आड येत आहेत याचा पुरावा आपल्या पत्रात नाही. उलट त्यांच्याकडे नव्या टीमची जबाबदारी आल्याचे आपणच लिहिले आहे. ग्राहकांना त्यांचे बोलणे समजत नसेल, तर तसे सांगणारे वरिष्ठ त्यांना असतीलच. आणि आड येत असलेच, तरी काय सुधारायचे, केव्हा आणि कोणाकडून, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे.

कान सोनारानेच टोचावेत, हे आपण म्हणता ते खरे आहे. पण सोनार बोलावल्यावाचून कोणाचा कान धरत नाही. वर्गात मुले आपल्यासमोर बसत ती शिकण्यासाठी, त्यांच्या पालकांनी आपल्याला तो अधिकार दिलेला असे, आणि तपासणे हे आपले काम होते. जेवणाच्या टेबलाशी असा कोणताच करार झालेला नाही. आपले विद्यार्थी आपल्या दुरुस्त्यांमुळे पुढे गेले असतील, आणि त्याचा अभिमान आपण बाळगावा. तीच दुरुस्ती घरात आली की तिचा अर्थ बदलतो, कारण सासरे आणि सून यांच्या नात्यात सुनेला ‘बाबा, आता नको’ असे म्हणण्याची सोय फार थोड्या घरांत असते. म्हणून त्यांनी ‘थँक्यू’ म्हटले. तो होकार होता असे समजू नये.

आता धोरणाविषयी. चुकीला चूक म्हणायचेच नाही, असे मी सुचवत नाही. जो माणूस प्रत्येक वेळी ओठ आवळून गप्प बसतो त्याची नापसंती ओठांवरच दिसते, आणि ती बोललेल्या शब्दापेक्षा जास्त टोचते. यापुढे पूर्वीसारखेच चालू ठेवणे हा पर्याय तर मुलाने आपल्यापरीने बंद केलेलाच आहे. मधला मार्ग विचारण्याचा आहे. सूनबाई कामात नसताना, घरातले इतर कोणी आसपास नसताना, आपण त्यांना साध्या मराठीत सांगावे की त्या दिवशी न विचारता यादी पुढे ठेवली हे योग्य झाले नाही आणि यापुढे तसे होणार नाही. एवढे सांगून थांबावे. ‘पण तुझ्या भल्यासाठीच’ हे शब्द त्यामागून येऊ देऊ नयेत, कारण ‘पण’ म्हटले की आधीचे सगळे धुऊन जाते. त्यानंतर कधी त्यांनी आपण होऊन एखादा शब्द विचारला तर तेवढाच सांगावा, त्याच्याबरोबर आणखी चार जोडून देऊ नयेत. कदाचित त्या कधीच विचारणार नाहीत. तेही आपण मनाशी धरून चालावे.

अनौपचारिक बोलण्यात एखादा शब्द फारच खटकला तर शिक्षकांना ठाऊक असलेली एक जुनी युक्ती आहे: चुकले असे न म्हणता, आपल्या उत्तरात तोच शब्द आपल्या पद्धतीने सहज वापरायचा आणि पुढे जायचे. ज्याला उचलायचे असेल तो उचलतो, ज्याला नको त्याचा पाणउतारा होत नाही. मात्र प्रत्येक वाक्यात हे होऊ लागले की तीही दुरुस्तीच ठरते. आणि ‘शेड्यूल’ की ‘स्केड्यूल’, ‘प्रीपोन’ हा शब्द आहे की नाही, असल्या वादांत तर आपण शिरूच नये. पहिल्याचे दोन्ही उच्चार ब्रिटन आणि अमेरिका यांनी आपापसांत वाटून घेतले आहेत, आणि दुसरा आपल्याकडच्या इंग्रजीत रुळून ऑक्सफर्डच्या शब्दकोशात केव्हाच जाऊन बसला आहे.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र लांबवू नका, कारण आठ वर्षांच्या मुलाच्या मनात अशी शंका राहिली की ती पुढे शाळेतल्या इतर मुलांच्या आयांवरही पसरते. त्याला सांगा की आईला इंग्रजी येते, त्या भाषेत ती दूरदेशीच्या लोकांना काम समजावून सांगते आणि ते लोक ते समजून घेऊन काम करतात. आजोबांचा आणि आईचा बोलण्याचा ढंग वेगळा आहे, एवढेच. शक्य असल्यास हे सूनबाईंच्या कानावर पडेल अशा बेताने सांगावे. त्याला ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणायला लावून जीभ कोठे जाते ते शोधायला सांगा, मुलांना असल्या गमती फार आवडतात, आणि आजोबांनाही एक वर्ग मिळेल. सचिवांना ग्रुपवर न लिहिता खासगी संदेश पाठवा: सूचनेत एक शब्द बदलला तर अर्थ स्पष्ट होईल, आणि सर्वांसमोर लिहायला नको होते. पुढच्या वेळी सूचना लावण्यापूर्वी नजरेखालून घालायला त्यांना आपली मदत हवी असेल तर ते सांगतील. त्यांनी दिलेला मजकूर तपासताना अर्थ बदलणारे शब्द तेवढे दुरुस्त करावेत, शैली त्यांचीच राहू द्यावी.

ज्या वाचकांना घरी किंवा कार्यालयात असे कोणी ना कोणी सतत दुरुस्त करत असते, त्यांच्यासाठीही दोन शब्द. सर्व दुरुस्त्या नाकारू नका आणि सर्व स्वीकारूही नका. पत्र, ईमेल, प्रस्ताव, बिल यांसारखा लेखी मजकूर पाठवण्यापूर्वी कोणाला तरी जरूर दाखवा, कारण तेथे एका अक्षराने अर्थ उलटतो आणि तो कागद मागे राहतो. बोलण्यात ज्या शब्दावर समोरचा माणूस पुन्हा पुन्हा ‘पार्डन’ म्हणतो, तो शब्द टिपून ठेवा आणि मोबाइलवरच्या शब्दकोशात त्याचा उच्चार ऐका, नुसता वाचू नका. ‘झिरो’साठी ‘माझा’ म्हणून जीभ दातांमागे टेकवायची, ती तशीच ठेवून पुढे ‘इरो’ म्हणायचे. सुरुवातीला विचित्र वाटेल, दोन-चार दिवसांत जमेल. आकडे सांगताना ‘फिफ्टीन, वन फाइव्ह’ असे फोड करून सांगण्याची सवय लावा, बँकेत आणि दवाखान्यात तर नक्कीच. आणि मीटिंग चालू असताना कोणी मध्येच शब्द सुधारून दिला, तर विषय न सोडता ‘हे आपण नंतर बोलू’ एवढे म्हणून आपले वाक्य पूर्ण करा. नंतर त्या व्यक्तीला एकट्यात गाठून, कोणते शब्द सांगितलेले चालतील आणि कोणत्या वेळी, हे आपणच ठरवून द्या.